दुसऱ्या लोकसभेतील आपले सभासद : कोणते काम दिल्लीचे, कोणते मुंबईचे

प्रस्तुत लेखकाची उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. शिक्षण मराठी शाळेपुरते. जे काही समजले ते दप्तराच्या फडक्यातून व अर्जदारांच्या तोंडून. त्या नोकरीत एक प्रसंग वारंवार पाहिला, तो प्रथम सांगतो.

एक वृद्ध खातेदार कचेरीच्या पायऱ्या चढून वर आला. त्याची जमीन भोगवटादार वर्ग दोनची होती आणि शर्त शिथिल व्हावी, एवढेच त्याचे मागणे होते. पिशवीतून त्याने कागदांची गुंडाळी काढली. सर्वांत वर तत्कालीन खासदारांचे शिफारसपत्र होते. "भाऊसाहेब, दिल्लीपर्यंत जाऊन आलो, आता तरी काम व्हावे," असे तो म्हणाला. पत्र सौजन्याने लिहिलेले होते. परंतु त्या पत्राने फेरफाराची एक ओळही हलण्यासारखी नव्हती. अर्ज करावयाचा तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, कायदा मुंबईचा, आणि ह्या धावपळीत त्याची दोन वर्षे फुकट गेलेली. वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. "वरून काही लिहून आणा," असा सल्ला त्यास ज्यांनी दिला ते आमच्याच टेबलावर बसणारे होते, आणि तो देताना शेजारच्या टेबलावर बसून मी ऐकत होतो. मी काही बोललो नाही.

त्या दिवसापासून एक विचार मनात घर करून राहिला. आपण शेतकरी दर पाच वर्षांनी दिल्लीस सभासद पाठवितो. परंतु दिल्लीचे काम कोणते आणि मुंबईचे कोणते, हे पक्के ठाऊक करून घेऊन किती जण पाठवितात? हा भेद समजण्यास कायद्याचे पुस्तक वाचण्यापेक्षा एखाद्या मुदतीचा हिशेब मांडून पाहणे सोपे. त्यासाठी दुसऱ्या लोकसभेची मुदत मी निवडली आहे. ती लोकसभा ५ एप्रिल १९५७ रोजी अस्तित्वात आली व ३१ मार्च १९६२ रोजी विसर्जित झाली. आपल्या जमिनींच्या नोंदींवर ह्या पाच वर्षांइतका ठसा क्वचितच दुसऱ्या कोणत्या काळाचा उमटला असेल.

मुदत व सभासद

त्या वेळी महाराष्ट्र राज्य नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पासून गुजरात, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ ह्यांसह मुंबईचे मोठे द्विभाषिक राज्य अमलात आले होते आणि लोकसभेत त्या राज्याच्या ६६ जागा होत्या. १९५७ च्या आरंभी निवडणूक झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर. समितीने निरनिराळ्या पक्षांस एका मांडवाखाली आणले व पश्चिम महाराष्ट्रातून पुष्कळ सभासद निवडून दिले.

आपल्या नाशिक मतदारसंघातून दादासाहेब म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड निवडून गेले. मालेगावातून यादव नारायण जाधव, धुळ्यातून उत्तमराव पाटील, कोपरगावातून बापूसाहेब कांबळे, अहमदनगरातून र. के. खाडिलकर, पुण्यातून ना. ग. गोरे, राजापुरातून बॅरिस्टर नाथ पै, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, मुंबईतून कॉम्रेड डांगे गेले. ह्यांच्यात समाजवादी होते, साम्यवादी होते, जनसंघाचे होते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे होते. एरवी हे एका पंगतीस बसते ना. समितीबाहेरचेही मातबर सभासद होते. औरंगाबादेहून स्वामी रामानंद तीर्थ गेले, तर अमरावतीहून गेलेले डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिखाते सांभाळणारे मंत्री होते. १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपूरहून लोकनायक बापूजी अणे सभागृहात आले. त्यांचा आग्रह स्वतंत्र विदर्भाचा. म्हणजे मराठी मुलुखाचे सारे मत एकच होते असे नव्हे.

त्या काळी सभासदाचे वेतन कायद्याने दरमहा ४०० रुपये व बैठकीच्या दिवसाचा भत्ता २१ रुपये असे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आज खासदारांच्या हाती मतदारसंघातील कामांसाठी जो स्थानिक विकासनिधी असतो, तो त्या वेळी नव्हता. ती योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली व २०११-१२ पासून तिची रक्कम वर्षास ५ कोटी झाली. तेव्हा १९५७ च्या मतदारास सभासदाकडे सभामंडप अथवा गटार मागण्याची सोयच नव्हती. मागावयाचे ते सभागृहातील कामच मागावे लागे.

दिल्लीचे काम

नवे राज्य निर्माण करणे अथवा राज्यांच्या सीमा बदलणे हा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने केवळ संसदेस दिलेला आहे. त्यात राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारले जाते. निर्णय मात्र दिल्लीचा. म्हणून संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न घेऊन समितीचे सभासद दिल्लीस गेले, ते बरोबर दारी गेले. मोर्चे व हुतात्मे ह्यांनी जे बळ निर्माण केले, त्यास कायद्याचे रूप देण्याची जागा तेच सभागृह. एप्रिल १९६० मध्ये मुंबई पुनर्रचना अधिनियम मंजूर झाला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. सर्व मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यास लागून असलेला डांग गुजरातेत गेला, आणि बेळगाव-कारवारचा भाग १९५६ पासून म्हैसूर राज्यात होता तो तेथेच राहिला. तरीही ज्या कामासाठी मते मागितली, ते काम मुदत संपण्याच्या आत बव्हंशी पुरे झाले.

एकटा सभासद सभागृहात काय करू शकतो, ह्याचेही उदाहरण ह्याच मुदतीत सापडते. डिसेंबर १९५७ मध्ये रायबरेलीचे सभासद फिरोज गांधी ह्यांनी आयुर्विमा महामंडळाच्या पैशाचा प्रश्न उपस्थित केला. विमेदारांची सव्वा कोटीच्या घरातील रक्कम मुंदडा नामक उद्योगपतीच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये का गुंतविली, असे त्यांनी विचारले. ते स्वतः सरकारपक्षाचे होते, तरी विचारले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांस राजीनामा द्यावा लागला. निधी नाही, हाताखाली कचेरी नाही. केवळ कागदपत्रांचा अभ्यास व नेमका प्रश्न, एवढ्यावर हे घडले.

मुंबईचे काम

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे जमिनीकडे वळू. जमीन, जमीनमहसूल, शेती, पाणी व बाजार हे विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीत आहेत. दुसऱ्या लोकसभेच्या मुदतीस ज्या दोन तारखांनी जणू कुंपण घातले, त्या दोन्ही तारखा जमिनीच्या कायद्यांच्या आहेत, आणि त्यांतील एकही कायदा लोकसभेने केलेला नाही.

पहिली तारीख १ एप्रिल १९५७. लोकसभा अस्तित्वात येण्यापूर्वी चारच दिवस. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ ह्यात १९५६ साली जी मोठी दुरुस्ती अमलात आली, तिच्यान्वये ह्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. हाच तो कृषिदिन. पुढे शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२-ग खाली किंमत ठरवावयाची, कुळाने ती हप्त्यांनी भरावयाची व ३२-म चे प्रमाणपत्र घ्यावयाचे, असा क्रम. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' हा जो शेरा कित्येकांच्या उताऱ्यावर दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. हा कायदा आपल्या पश्चिम महाराष्ट्रापुरता. विदर्भ व मराठवाडा ह्यांचे कूळकायदे निराळे आहेत. त्या शेऱ्याच्या बाबतीत दिलासा मिळाला तोही मुंबईहूनच. २०१४ च्या दुरुस्तीने, ३२-म प्रमाणपत्रास १० वर्षे होऊन गेली असल्यास आकाराच्या ४० पट नजराणा भरून, पूर्वपरवानगीवाचून जमिनीचे हस्तांतरण करण्याची वाट मोकळी झाली.

दुसरी तारीख २६ जानेवारी १९६२. लोकसभा विसर्जित होण्यास दोन महिने उरले होते. त्या दिवशी महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ अमलात आला. हा कायदाही मुंबईच्या विधिमंडळाचा.

ह्या दोन तारखांच्या मध्ये, जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूरच्या अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. आपला बांध मोडणार, अशी धास्ती देशभरच्या जमीनधारकांस वाटली. त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्मास आला व लोकसभेतही ह्या विषयावर कडाक्याचे वाद झाले. परंतु ठराव पक्षाचा आणि जमीन राज्यांची. संयुक्त शेतीची सक्ती करणारा कायदा लोकसभेने केला नाही. शेतकऱ्याने भ्यावयाचे तरी कोठे पाहून भ्यावे, हे त्या प्रकरणावरून शिकण्यासारखे आहे.

शेताच्या बांधावरचे काम

ह्या हिशेबातील सर्वांत अवघड रकाना आपल्याच सभासदाचा, म्हणजे दादासाहेब गायकवाडांचा. दिंडोरी तालुक्यातील आंबे येथे १९०२ साली त्यांचा जन्म झाला. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ते डॉ. आंबेडकरांचे उजवे हात होते. १९५७ साली नाशिकच्या मतदारांनी त्यांस दिल्लीस पाठविले. ह्या मतदारांत शेतकरीच बहुसंख्य होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

त्यांच्या लोकांचा प्रश्न जमिनीचा होता. कूळकायद्याने कुळास जमीन दिली. परंतु जो कूळही नव्हता, केवळ मजूर होता, त्याच्या पदरात त्या कायद्याने काहीच पडले नाही. सरकारी पडीत जमीन भूमिहीनांस द्यावी, ही मागणी दिल्लीच्या बाकावर बसून पुरी होणारी नव्हती, कारण पड व गायरान राज्याच्या ताब्यात. दादासाहेबांचे मोठेपण असे की, त्यांनी हे ओळखले आणि ते सभागृहातून उठून शेतात आले. १९५९ साली नाशिक, खानदेश, मराठवाडा ह्या भागांत त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. हजारो स्त्रीपुरुषांनी पडीत जमिनींवर जाऊन स्वतःस अटक करवून घेतली. पुढे १९६४ साली हीच चळवळ देशव्यापी झाली. त्या वेळी ते राज्यसभेचे सभासद होते.

योगायोग असा की, त्याच १९५९ सालच्या डिसेंबरात दिल्लीत डॉ. पंजाबरावांच्या पुढाकाराने जागतिक कृषिप्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तेथे आले होते. नवी अवजारे, नवी बियाणी, परदेशची दालने ह्यांची तेथे रेलचेल होती. एकाच सभागृहातील दोन मराठी सभासद. एकाच्या डोळ्यांपुढे शेत असलेला शेतकरी, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे शेत नसलेला. ह्यांतील एकास मान देऊन दुसऱ्यास विसरणे बरे नव्हे. पंजाबरावांनी १९५५ साली स्थापिलेल्या भारत कृषक समाजाचा आपल्यासारख्या शेतकरीसंस्था आदराने उल्लेख करितात. तसाच उल्लेख आपल्याच जिल्ह्याच्या ह्या सभासदाचाही व्हावयास हवा.

येथे मी आपणा जमीनधारकांशी थोडे स्पष्ट बोलतो. गावच्या पडीत जमिनीवर आपली गुरे चरत. ती जमीन नांगराखाली गेली तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांस ते रुचले नसेल. त्यात नवल नाही, चाऱ्याचा प्रश्न खराच होता. परंतु गाव नमुना १-क उघडून पाहिला की, त्यात कोणाकोणास किती जमीन कोणत्या शर्तीवर दिली ते दिसते. अतिक्रमणांची नोंद नमुना १-इ मध्ये. त्यांपैकी पुष्कळ कब्जे पुढे १९७८ व १९९१ सालच्या शासननिर्णयांनी नियमानुकूल होण्याची सोय झाली. नोकरीत ती पाने मी शेकडो वेळा उलटली. एक-दोन एकरांचे खडकाळ तुकडे, आकार काही आण्यांचा. सीलिंगच्या कायद्यात १९७५ नंतर जिरायत जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे, ती आठवावी आणि मग हे तुकडे पाहावेत. म्हणजे मनातील अढी आपोआप सैल होते.

ह्यात व्यवहाराचीही गोष्ट आहे. अडचणीत सापडलेल्या वर्ग दोनच्या धारकाकडून साध्या कागदावर अथवा साठेखतावर जमीन 'घेतली' असे समजून पैसे देणारे आपल्यात आहेत. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून असा व्यवहार म्हणजे शर्तभंग. जमीन सरकारजमा होऊ शकते. मग देणाऱ्याचे पैसे बुडतात आणि घेणाऱ्याची भाकर जाते. तेव्हा सातबाऱ्यावर 'वर्ग दोन' हे शब्द दिसले की हात आखडता घ्यावा.

आजचा हिशेब

आता आपल्या दारात येऊ. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपासून नांदगाव तालुका दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडतो. ज्या तालुक्यात दादासाहेबांचा जन्म झाला त्याचेच नाव ह्या मतदारसंघास आहे. आपले जीवन कांद्यावर. आणि कांद्याच्या निर्यातीचा विषय संपूर्ण दिल्लीचा आहे. परदेशाशी व्यापार व निर्यातशुल्क हे दोन्ही संघसूचीत येतात.

गेल्या काही वर्षांचा क्रम पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, परंतु टनास ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क राहिले. त्यानंतर सोळाव्या दिवशी, २० मे रोजी, आपल्या मतदारसंघात मतदान झाले. मावळत्या खासदार डॉ. भारती पवार पराभूत झाल्या आणि शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्णपणे उठले. ह्यात कोणा पक्षाची तरफदारी करण्याचा हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ही सारी उलथापालथ अधिसूचनांनी झाली, आणि अशा अधिसूचनांचा जाब विचारण्याची जागा लोकसभा हीच आहे. कांदा चाळीत सडत असताना ज्याने आपल्या खासदाराकडे सभामंडपाची मागणी नेली, त्याने तो एक फेरा वाया घालविला असे म्हटले पाहिजे.

म्हणून वाचकबंधूंस चार सूचना करितो.

एक : मागणी लिहिण्यापूर्वी दार ओळखावे. निर्यात, आयात, रेल्वे, टपाल ही दिल्लीची कामे. मनमाड-नांदगावी कोणती गाडी थांबावी हा प्रश्न खासदाराचा. जमीन, फेरफार, पाणीवाटप, बाजारसमिती ही मुंबईची. ती आमदार, तहसीलदार व जिल्हाधिकारी ह्यांच्याकडे न्यावीत.

दोन : सभासदास नुसते निवेदन देऊ नये, प्रश्न तयार करून द्यावा. आपल्या बाजारातील तारीखवार भाव, आवक, चाळीतील घट ह्यांचे आकडे जोडावेत. आकड्यांवाचून प्रश्न म्हणजे बी न पेरता केलेली राखण.

तीन : प्रत्येक गावाने, निदान प्रत्येक सोसायटीने, आपल्या खासदाराची एक वही ठेवावी. किती दिवस हजेरी, किती प्रश्न, कोणत्या विषयावर भाषण, कोणत्या समितीत काम, हे लोकसभेच्या प्रसिद्ध कामकाजात सर्वांस पाहावयास मिळते. आपण दरसाल जमाबंदीचा ताळा जमवितो, तसा हाही जमवावा.

चार : गावातील भूमिहीन व वर्ग दोनचा धारक ह्यांस वगळून ही वही लिहू नये. ज्याच्या चाळीत कांदा नाही, त्याची मजुरी कांद्यावरच असते.

आरंभी सांगितलेल्या वृद्ध खातेदाराचे काम पुढे झाले. मीच त्याचा अर्ज नव्याने लिहून दिला व योग्य त्या टेबलावर नेऊन ठेविला. मंजुरीचा आदेश निघेपर्यंत आणखी सव्वा वर्ष गेले. आदेशाची प्रत घ्यावयास तो स्वतः आला नाही, त्याचा मुलगा आला. वडिलांस आता दिसत नाही, घरी गेल्यावर वाचून दाखवितो, असे तो म्हणाला. पहिल्याच दिवशी त्या म्हाताऱ्यास खरे दार दाखविले असते, तर तो कागद त्याने आपल्या डोळ्यांनी वाचला असता.